यंत्राचें प्रकृतिपत्रक



धान्याच्या कोठाराचे दोन हिशेब ठेवावे लागतात. पहिला हिशेब कोठारांत काय आहे याचा : किती पोतीं आलीं, किती गेलीं, किती शिल्लक राहिलीं. दुसरा हिशेब खुद्द कोठाराचा : छप्पर गळतें काय, भिंतीला ओल आली आहे काय, उंदरांनीं बिळें केलीं आहेत काय. पहिला हिशेब सर्वांना दिसतो व त्याविषयीं सर्वजण विचारतात. दुसऱ्याची चौकशी कोठारपालावांचून कोणी करीत नाहीं. आणि तो बिघडला म्हणजे पहिल्याला कांहींच किंमत उरत नाहीं. आज मला जें बोलावयाचें आहे, तें या दुसऱ्या हिशेबाविषयीं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत निरनिराळ्या देशांच्या सरकारांनीं आपल्याजवळील आंकडे, म्हणजे पाऊस, पीकपाणी, शाळा, रुग्णालयें, अंदाजपत्रकें इत्यादींची माहिती, सर्वांना विनामूल्य पाहतां व वापरतां यावी म्हणून संगणकावर उघडीं भांडारें उभारलीं आहेत. त्यांना डेटा पोर्टल असें म्हणतात. अशा भांडाराच्या व्यवस्थापकासाठीं मूळ सॉफ्टवेअरला एक लहानसा जोडभाग बसवितां येतो. अशा जोडभागास प्लगिन हें नांव आहे. तो बसविला म्हणजे व्यवस्थापकाला एका पानावर यंत्राची सर्व प्रकृति दिसते : कोणतें सॉफ्टवेअर कितव्या आवृत्तीचें आहे, स्मृति किती व्यापली आहे, सांठवणुकीची जागा किती उरली आहे, यंत्र किती दिवस न थांबतां चालूं आहे, कोणता भाग बंद पडला आहे. पान दिसावयास साधें असतें. परंतु त्याच्यामागें सव्वादोनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याच्या अभावीं कोट्यवधि माणसांचें नुकसान झाल्याचीं उदाहरणेंहि आहेत.

यंत्राला स्वतःची प्रकृति सांगावयास लावण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. वाफेचें यंत्र चालूं आहे हें बाहेरून कोणासहि दिसतें. पण सिलिंडरच्या आंत वाफेचा दाब कोणत्या क्षणीं किती आहे, हें कसें कळावें? जेम्स वॅट यानें सिलिंडरला एक लहान नळकांडें जोडून त्यांत स्प्रिंग लाविलेला छोटा दट्ट्या बसविला. १७९६ सालीं त्याचा सहाय्यक जॉन सदर्न यानें त्याला शिसपेन व मागेंपुढें सरकणारी कागदाची पाटी यांची जोड दिली. मोठ्या दट्ट्याची एक फेरी होई तेवढ्यांत कागदावर एक बंद आकृति उमटे. तिच्या क्षेत्रफळावरून यंत्रानें किती काम केलें तें मोजतां येई. आणि तिच्या आकारावरून झडप उशिरां उघडते कीं वाफ कोठें गळते, हेंहि ओळखतां येई. यंत्रानें स्वतःच्या हातानें लिहिलेलें हें आपल्या प्रकृतीचें पत्रकच होतें. वॅटच्या कंपनीनें ही युक्ति पुष्कळ वर्षें गुप्त ठेविली. यंत्राविषयींची माहिती कोणास द्यावी व कोणापासून राखावी, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे. त्याकडे पुढें वळूं.

संगणक आले तेव्हां हीच अडचण अधिक कठीण स्वरूपांत उभी राहिली. वाफेचें यंत्र निदान हलतांना दिसतें. संगणकांत डोळ्यांना दिसण्यासारखें कांहींच हलत नाहीं. १९४६ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें एनिॲक हें यंत्र लोकांना दाखविण्यांत आलें. जुन्या रेडिओंत असत तसे सुमारें १८,००० व्हाल्व त्यांत होते. त्याच्या दर्शनी फळ्यांवर निऑनच्या बारीक दिव्यांच्या ओळी होत्या, व यंत्रांत कोणता अंक सांठला आहे तें त्यांवरून वाचतां येई. पुढें २१ जून १९४८ रोजीं इंग्लंडांत मँचेस्टर विद्यापीठांत विल्यम्स, किलबर्न व टूटिल यांच्या लहानशा यंत्रानें स्वतःच्या स्मृतींत सांठविलेला कार्यक्रम प्रथमच चालवून दाखविला. त्या गणितास ५२ मिनिटें लागलीं. या यंत्राची स्मृति म्हणजे कॅथोड-किरण नळीवरील विद्युत्भाराचे ठिपके : ३२ ओळी व प्रत्येक ओळींत ३२ ठिपके. तेच ठिपके दुसऱ्या एका नळीच्या कांचेवर उजळून दिसत, आणि संशोधक त्या कांचेपुढें बसून उत्तराची वाट पाहत. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें १९४९ सालीं चालूं झालेल्या सिरॅक या यंत्राला तर ध्वनिवर्धक जोडला होता. काम संपलें किंवा विशिष्ट टप्प्यावर आलें म्हणजे तो आवाज करी, व चालकाला तें ऐकून समजे. आपल्या मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेलें यंत्र १९६० सालीं कामास लागलें, व १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें टिफ्रॅक असें नामकरण केलें. तेंहि याच पिढीचें. या सर्व यंत्रांपुढें एक चालक बसे, आणि दिवे, ठिपके व आवाज यांवरून वैद्यानें नाडी पाहावी तशी तो यंत्राची नाडी पाही.

पुढें एकच यंत्र अनेकांनीं एकाच वेळीं वापरण्याची पद्धति आली व नाडीपरीक्षेचें स्वरूप पालटलें. आतां वापरणारा यंत्राच्या खोलींत नव्हता. तो दूर कोठें तरी टंकयंत्रापुढें बसलेला होता. यंत्र मंद चाललें तर तें आजारी आहे कीं केवळ गर्दी आहे, हें त्यास कळावयाचें कसें? अमेरिकेंतील टेनेक्स या व्यवस्थेंत यासाठीं सरासरी भार मोजण्याची रीत निघाली. तिकिटाच्या खिडकीपुढें किती माणसें उभीं आहेत हें मोजावें, त्याप्रमाणें यंत्रापुढें किती कामें चालूं आहेत व किती खोळंबलीं आहेत याची ती सरासरी होय. अर्पानेट या संगणकजालावरील टेनेक्स यंत्रांच्या जुलै १९७३ मधील भाराचें कोष्टक त्याच वर्षींच्या ऑगस्टमध्यें या जालाच्या टिपणमालेंत ५४६ व्या क्रमांकानें प्रसिद्ध झालें. शेवटचा एक मिनिट, पांच मिनिटें व पंधरा मिनिटें यांतील भाराचे जे तीन आंकडे आज बहुतेक सर्व्हर दाखवितात, ते याच रीतीचे वंशज होत.

दुसरी मोठी पायरी १९८४ सालीं चढली गेली. बेल प्रयोगशाळेंतील टॉम किलियन यानें युनिक्स या व्यवस्थेसाठीं एक चमत्कारिक पण सोपी कल्पना मांडली : चालूं असलेलें प्रत्येक काम एखाद्या फाइलसारखें दिसूं द्यावें, म्हणजे तें तपासण्यास वेगळें हत्यार नको, फाइल वाचतां येते त्याच रीतीनें तेंहि वाचतां येईल. १९९१ नंतर लिनक्स ही व्यवस्था वाढली, तेव्हां तिनें ही कल्पना उचलून आणखी पुढें नेली. स्मृति किती मोकळी आहे, यंत्र किती सेकंद चालूं आहे, भार किती आहे, हें सर्व लिनक्समध्यें अशाच फाइलींच्या रूपानें वाचतां येतें. या फाइली तबकडीवर लिहिलेल्या नसतात. कोणी वाचावयास आला कीं त्या क्षणाची स्थिति व्यवस्था त्यास लिहून देते. लिनक्सवर चालणाऱ्या पोर्टलच्या व्यवस्थापकाला जें पान दिसतें, त्यावरचे स्मृतीचे व भाराचे आंकडे अखेर याच झऱ्यांतून भरलेले असतात.

आतां भांडारांकडे येऊं. २००४ सालीं इंग्लंडांत केंब्रिज येथें रुफस पोलॉक व त्यांचे सहकारी यांनीं ओपन नॉलेज फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. ज्ञानावर कुलूप नसावें हा तिचा उद्देश. तिच्या कार्यांतून सीकॅन नांवाचें सॉफ्टवेअर निघालें. पर्ल या संगणकभाषेच्या लेखकांचें सीपॅन नांवाचें एक सामायिक भांडार १९९५ पासून होतें. त्याच्या नांवावरून हें नांव बेतलें. २१ मे २००९ रोजीं अमेरिकेच्या सरकारनें आपलें पोर्टल उघडलें. जानेवारी २०१० मध्यें ब्रिटनचें उघडलें. त्यामागें जागतिक जालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा पुढाकार होता, व तें सीकॅनवर उभें होतें. २०१३ सालीं अमेरिकेच्या पोर्टलनेंहि सीकॅन स्वीकारलें. भारत सरकारनें मार्च २०१२ मध्यें आंकड्यांच्या सामायिक उपयोगाविषयींचें राष्ट्रीय धोरण जाहीर केलें, आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या हस्तें त्याच वर्षीं आपल्या देशाचेंहि पोर्टल सुरू झालें.

सीकॅन बाहेरून एकच वस्तु दिसते, पण आंत अनेक वस्तु एकत्र नांदत असतात. मूळ कार्यक्रम पायथन भाषेंत लिहिलेला आहे. नोंदी पोस्टग्रेस या कोठींत राहतात. शोध घेण्याचें काम सोलर नांवाचा निराळा कार्यक्रम करतो. मागाहून करावयाचीं कामें रेडिस या चौथ्याच्या रांगेंत उभीं असतात. शिवाय प्रत्येक खात्याच्या गरजेप्रमाणें बसविलेले दहा-वीस जोडभाग असतात, व त्या प्रत्येकाची आवृत्ति वेगळी. घरांत माणसें पुष्कळ असलीं म्हणजे कोणाला ताप आहे, कोण उपाशी आहे, हें पाहणारें एक माणूस लागतें. प्रकृतीचें पान तें काम करतें.

या पानाचा उपयोग किती साध्या गोष्टींत होतो पाहा. आपल्या शाळांतून फळ्याच्या कोपऱ्यांत ‘पट’ व ‘हजर’ असे दोन आंकडे रोज लिहिण्याची रीत आहे. पट चाळीस आणि हजर एकतीस असें दिसलें कीं वर्गांत येणारा कोणीहि विचारतो, नऊ मुलें कोठें आहेत? सीकॅनमध्यें हुबेहूब असाच प्रसंग येतो. नोंदी पोस्टग्रेसमध्यें असतात, पण नागरिकाचा शोध सोलरच्या सूचीवरून चालतो. कांहीं कारणानें सूची अपुरी राहिली तर नोंद भांडारांत असते, पण शोधून सांपडत नाहीं. नागरिकाला हें कसें कळावें? तो समजतो कीं सरकारनें हा आंकडा दिलाच नाहीं, कदाचित् दडविला. सूची पुन्हा बांधण्यास व्यवस्थापकाला एक आज्ञा पुरते. परंतु पट व हजर हे दोन आंकडे कोणी शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलेच नाहींत, तर ती आज्ञा द्यावी हें त्यास सुचणार कसें? सरकार व नागरिक यांच्यांतील विश्वासाला अशा क्षुल्लक कारणानें तडा जाऊं शकतो.

याहून गंभीर उदाहरणें अलीकडच्या इतिहासांत आहेत. त्यांतील तीन सांगतों.

पहिलें अमेरिकेंतील इक्विफॅक्स या पतमापन कंपनीचें. मार्च २०१७ मध्यें स्ट्रट्स नांवाच्या एका सॉफ्टवेअरमध्यें मोठी खोट सांपडली व तिची दुरुस्तीहि प्रसिद्ध झाली. कंपनींत दुरुस्ती करण्याचा हुकूम फिरला. पण ग्राहकांच्या तक्रारींसाठीं असलेल्या पोर्टलमध्यें हेंच सॉफ्टवेअर आहे, ही गोष्ट हुकूम पाळणारांच्या नजरेस आली नाहीं, व तें तसेंच राहिलें. मे महिन्यांत चोर त्या वाटेनें शिरले व जुलैच्या अखेरीपर्यंत आंत वावरले. बाहेर जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारें साधन होतें, पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीं संपल्यानें तें आंधळें झालें होतें. तें प्रमाणपत्र २९ जुलै रोजीं बदलतांच संशयास्पद हालचाल लागलीच दिसूं लागली. तोंवर सुमारें १४ कोटी ७० लक्ष माणसांची खासगी माहिती गेली होती. या प्रकरणांत पहारेकरी ठेवलेला होता. तो जागा आहे कीं नाहीं, हें मात्र कोणी पाहिलें नव्हतें.

दुसरें उदाहरण ब्रिटनचें. २०२० सालीं कोविडच्या सांथींत प्रयोगशाळांकडून आलेले निकाल मध्यवर्ती खात्यांत जुन्या एक्सेल पद्धतीच्या फाइलींत उतरविले जात. अशा फाइलींत ६५,५३६ पेक्षां अधिक ओळी मावत नाहींत. ओळी भरल्यावर पुढचे निकाल गळूं लागले, व त्याची दवंडी कोणी पिटली नाहीं. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळांतील १५,८४१ रुग्ण रोजच्या जाहीर आंकड्यांतून सुटले. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता. परंतु त्यांच्या सहवासांत आलेल्यांचा शोध घेण्यास उशीर झाला, आणि सांथींत उशीर म्हणजे काय हें आपणां सर्वांना अनुभवानें ठाऊक आहे. पेला भरत आला आहे, एवढें सांगणारें एक पान असतें तर हा प्रसंग टळता.

तिसरें उदाहरण डिसेंबर २०२१ चें. लॉगफोरजे नांवाचा एक लहान सॉफ्टवेअर-भाग जगांतील असंख्य कार्यक्रमांत नोंदवही लिहिण्याचें काम करतो. त्यांत अशी खोट निघाली कीं, दूरवरचा परका माणूस एक विशिष्ट ओळ त्या वहींत लिहवून सर्व्हर ताब्यांत घेऊं शके. धोक्याच्या मापनपट्टीवर तिला दहापैकीं दहा गुण मिळाले. सीकॅनमध्यें शोधाचें काम करणारा जो सोलर, त्याच्या पोटांतहि हा भाग असतो. सोलरच्या ७.४ पूर्वींच्या आवृत्त्यांत लॉगफोरजेची जुनी मालिका होती, तिला ही खोट लागू नव्हती, त्यानंतरच्या ८.११.० पर्यंतच्या आवृत्त्यांना मात्र ती लागू होती. म्हणजे सर्व प्रश्न एका आंकड्यावर येऊन ठेपला : आमच्या यंत्रावर कितवी आवृत्ति आहे? ज्यांच्याजवळ आवृत्त्यांचें पत्रक तयार होतें त्यांना उत्तर वाचून घेतां आलें. ज्यांच्याजवळ नव्हतें त्यांना एकेक यंत्र उघडून शोध घ्यावा लागला, आणि इकडे चोर त्याच वेळीं दारें ठोठावीत हिंडत होते.

येथें वॅटचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. भांडार जर उघडें, तर हें प्रकृतिपत्रकहि सर्वांसाठीं उघडें कां असूं नये? मोह होतो, पण उत्तर सरळ नाहीं. ज्या पत्रकावरून व्यवस्थापकाला कळतें कीं कोणती आवृत्ति जुनी आहे, त्याच पत्रकावरून चोरालाहि कळतें कीं कोणतें दार कुजलें आहे. पीएचपी भाषेंत यंत्राची सर्व माहिती एका पानावर दाखविणारी एक आज्ञा आहे. चांचणीसाठीं केलेलें असें पान पुसावयाचें राहून गेलें, तर तें परक्यांच्या हातीं आयतें पडतें. म्हणून सीकॅनसारख्या व्यवस्थेंत असें पान केवळ मुख्य व्यवस्थापकालाच दिसावें, हा दंडक योग्य आहे. घराला किती खिडक्या आहेत हें रस्त्यावरून दिसलें तर हरकत नाहीं. कोणत्या खिडकीची कडी सैल आहे, ही पाटी मात्र दारावर लावूं नये.

पण या दंडकाच्या आड सर्वच प्रकृति लपवावी असें मात्र नव्हे. माझ्या मतें दोन पत्रकें असावींत. आवृत्त्या, फाइलींच्या जागा, जोडण्या यांचें पत्रक व्यवस्थापकापुरतें. आणि भांडारांत एकंदर किती संच आहेत, त्यांपैकीं शोधांत किती सांपडतात, प्रत्येक खात्यानें शेवटचा आंकडा केव्हां भरला, पोर्टल केव्हां बंद होतें व कां, याचें पत्रक सर्वांसाठीं. या दुसऱ्या पत्रकानें चोराला कांहीं मिळत नाहीं, पण नागरिकाला फार मोठी गोष्ट मिळते : जो आंकडा सांपडत नाहीं तो दिलेला नाहीं, कीं दिलेला असून यंत्राच्या दोषानें दिसत नाहीं, हें त्यास ओळखतां येतें. सरकारला प्रश्न विचारणाऱ्या माणसाला हा भेद कळणें अत्यंत जरूर आहे. नाहीं तर तो निर्दोष खात्यावर आरोप करील, किंवा दोषी खात्याला यंत्राची सबब सांगून सुटूं देईल.

शेवटीं एक गोष्ट. प्रकृतिपत्रक कितीहि उत्तम असलें तरी तें वाचणारें माणूस पाहिजे. मँचेस्टरच्या कांचेपुढें संशोधक बसले होते म्हणून त्या ठिपक्यांना अर्थ होता. इक्विफॅक्सचें साधन महिनोन्-महिने आंधळें राहिलें, कारण त्याच्याकडे पाहणें हें कोणाचें रोजचें काम नव्हतें. मोठमोठीं भांडारें उभारतांना समारंभ होतात, कोनशिला बसतात, भाषणें होतात. नंतर रोज सकाळीं येऊन जागा किती उरली, सूची पुरी आहे काय, आवृत्ति जुनी झाली काय, हें पाहणाऱ्या कारकुनाचें नांव कोणत्याच शिलेवर नसतें. तरी भांडार टिकतें तें त्याच्यामुळें. आपल्या नगरपालिकेचें वा राज्याचें पोर्टल आपण उघडाल, तेव्हां त्यांतील आंकडे अवश्य तपासा. आणि त्याचबरोबर हें यंत्र रोज पाहणारें कोणी नेमलेलें आहे काय, एवढा एक प्रश्न संबंधित खात्यास विचारा. त्या प्रश्नाचें उत्तर ज्या खात्याजवळ तयार असेल, त्याच्या आंकड्यांवर विश्वास ठेवण्यास निदान एक सबळ कारण आपल्यापाशीं असेल.